पेटीवाल्याची मुलगी

आमच्या खोऱ्यात फारसं काही पिकत नाही.
नासपती, थोडी राय,
आणि राजे.

किल्ला एवढासा, की मुदपाकखान्यात कांदा परतला
तर दिवाणखान्यातल्या तसबिरींच्या डोळ्यांत पाणी.
पण रक्त जुनं.
जिन्याच्या भिंतीवर न मावलेला वंशवृक्ष
छतावर वळलेला.
म्हणून दूर कुठे एखादं राज्य नव्यानं सुटं झालं
आणि तिथल्या सरदारांना
एकमेकांच्या डोक्यावर मुकुट बघवेना झाला
की ते आमच्याकडे यायचे.
ताकाला आलेले, भांडं लपवून.
आधी हवापाणी, मग शिकार,
मग कॉफी पार गार झाल्यावर :
एखादा धाकटा मुलगा आहे का मोकळा?

माझे वडील पेट्या करायचे.
अक्रोडाचं लाकूड, पितळी कोपरे, आतून निळं कापड.
थोरल्या एगबर्टची पेटी गेली ऑलिव्हच्या देशात.
चार वर्षांनी परत आली,
एगबर्ट आला नाही.
हेडविगची उत्तरेला, जिथे
(तिनंच लिहिलं होतं) शाई हिवाळ्यात गोठते
आणि सासू उन्हाळ्यातही वितळत नाही.
तिनं पेटीचा पाळणा केला म्हणे.
वडिलांना ते आवडलं नाही. बिजागऱ्या वाया गेल्या.

तिसरा लुडोल्फ.
त्याच्या पेटीचं माप घेताना दोरीचं दुसरं टोक माझ्या हातात होतं.
तो खिडकीत बसून व्रेस्नाच्या भाषेतले आकडे घोकत होता.
सातावर अडायचा.
त्या सातासाठी जीभ टाळूला टेकवून
घशाच्या तळाशी काहीतरी खरवडावं लागतं,
करपलेलं पातेलं खरवडावं तसं.
'हे असतं तरी कुणाच्या घशात?' त्यानं मला विचारलं.
मी नऊ वर्षांची. म्हटलं, त्यांच्या.

एकवीस वर्षं तो तिकडे राजा होता.
नाण्यावर त्याचं नाक,
टपालाच्या तिकिटावर मागून शिक्का बसलेला कान.
नाव बदललं, प्रार्थना बदलली,
दाढी त्यांच्यासारखी राखली.
तरी बंदरातले हमाल त्याला 'सहा-आणि-एक' म्हणायचे,
असं त्याचा नोकर सांगतो,
कारण भाषणात सात आला
की महाराज असा वळसा घ्यायचे.
घरजावयाचं असंच.
ताट वाढलेलं असतं, पाट मांडलेला,
फक्त मीठ मागायची चोरी.

मग एका रात्री रेल्वेचा संप,
बराकींत अवेळी पेटलेले दिवे,
आणि सकाळी सहीसाठी एक कागद.
तारीख होती सात.
आकड्यात लिहिली. उच्चारावी लागली नाही.

पेटी माझ्याकडे आली दुरुस्तीला.
एक पितळी कोपरा गेलेला,
निळ्या कापडावर खाऱ्या पाण्याचे नकाशे.
तळाशी सापडलं एक वाळकं लिंबू.
मी ते टाकलं नाही. का, ते माहीत नाही.

परवा बाजारात तो माझ्या शेजारी उभा होता,
कोट इथला, चाल कुठलीच नाही.
क्रेसेंत्सिया नासपती मोजत होती.
तिच्या हातामागून तोही मोजायला लागला,
स्वतःशीच, तिकडच्या भाषेत.
चार. पाच. सहा.
आणि मग सात.
अख्खा. तळापासून खरवडलेला.
न अडखळता, न वळसा घेता,
एखाद्या हमालानं पाठीवरून पोतं उतरवावं तसा.

क्रेसेंत्सियानं मान वर केली.
'पाहुणे कुठले?'

त्यानं टोपी काढली.
बराच वेळ
आठवत उभा राहिला.

मी म्हटलं, आठ दे.